तात्पुरती म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत?

शाळेच्या मैदानात पत्र्याचे वर्ग उभे राहिले की पालकसभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं, “ही तात्पुरती सोय आहे.” वाक्य मवाळ आहे. सोय म्हटल्यावर तिला विरोध कोण करणार? आणि केलाच, तर मुलांच्या शिक्षणात खोडा घालणाऱ्या बायका म्हणून आपल्याकडेच बोट दाखवलं जातं. शिक्षणाच्या प्रश्नावर वस्तीत काम करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की माझा प्रतिप्रश्न आता ठरून गेला आहे. तात्पुरती म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत? याचं लेखी उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

हा बांधकाम खात्याचा प्रश्न, स्त्री-चळवळीने त्यात कशाला पडायचं, असं आपल्यातल्याही काहीजणींना वाटतं. म्हणून पत्र्याच्या वर्गात काय होतं ते आधी सांगते.

आमच्या शहरातल्या एका शाळेची जुनी इमारत धोकादायक ठरली आणि मुलांना मैदानातल्या पत्र्याच्या खोल्यांत हलवलं. इमारत धोकादायक होतीच, त्याबद्दल तक्रार नाही. दीड वर्षात नवी इमारत होईल असं तेव्हा सांगितलं होतं. त्या वर्षी पहिलीत आलेल्या मुली यंदा पाचवीत आहेत. खोल्या कमी, म्हणून शाळा दोन सत्रांत गेली आणि मोठ्या मुलींचे वर्ग दुपारच्या सत्रात आले. दुपारी एक ते तीन या वेळात पत्र्याखाली बसून पाहावं म्हणजे कळतं. पंखा असतो, तो गरम हवाच फिरवतो. पावसाची जोराची सर आली की बाई शिकवायचं थांबवतात, कारण मागच्या रांगेपर्यंत आवाजच जात नाही. दोन वर्गांच्या मधे प्लायवूडची भिंत. एकीकडे पाढे चालू, दुसरीकडे कविता. मैदान खोल्यांनी खाल्लं, तशी मुलींची कबड्डी बंद झाली. मुलगे बाहेर गल्लीत जाऊन खेळतात. मुलींना तशी मुभा नाही.

संडासाचं तर विचारूच नका. जुन्या इमारतीला कुलूप लागलं तेव्हा तिथले संडासही कुलपात गेले. नव्या खोल्यांबरोबर आले ते दोन, त्यातल्या एकाला आतून कडी नाही. सहावी-सातवीतल्या मुली शाळेत पाणी पीत नाहीत आणि महिन्याचे चार दिवस घरी राहतात. हजेरीपटावर कारण लागतं ‘आजारी’. पुढे गुण कमी पडले की तिला अभ्यासात गती नाही असं ठरतं.

दुपारचं सत्र सुटतं सहा वाजता. हिवाळ्यात तेव्हा अंधारून आलेलं असतं. मग आईने आणायला जायचं. आमच्या गटातली एक बाई संध्याकाळी दोन घरी स्वयंपाक करायची, मुलीला आणण्यासाठी तिने एक घर सोडलं. दुसरीला तेही परवडणारं नव्हतं, तिने मुलीची शाळाच सोडवली. मुलगी आता धाकट्या भावाला सांभाळते. शाळेच्या बांधकामाचा खर्च पुढे ढकलला की तो असा वसूल होतो, कुणाच्या तरी मजुरीतून, कुणाच्या तरी सातवीतून. त्याची पावती फाडली जात नाही, इतकंच.

हे सगळं आम्हाला माहीत होतं, पण ‘सोयी’शी भांडायचं कसं ते सुचत नव्हतं. दोनेक वर्षांपूर्वी गटात आम्ही ‘सिक्स्टी-थ्री बॉयकॉट’ हा माहितीपट पाहिला. शिकागोच्या कार्टेमक्विन या संस्थेने तो २०१७ मध्ये पुरा केला, पण त्यातली बरीच दृश्यं १९६३ साली प्रत्यक्ष चित्रित केलेली आहेत. एवढ्या लांबची गोष्ट, पण पडद्यावरच्या आयांची बोलणी ऐकताना आमच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. नंतर मी त्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. आपल्या कार्यकर्तींना ती हकिगत ठाऊक असायला हवी, म्हणून थोडी विस्ताराने सांगते.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून काळी कुटुंबं कामासाठी मोठ्या संख्येने शिकागोत आली. त्यांना घरं मिळत ती शहराच्या दक्षिण आणि पश्चिम भागातल्या ठरावीक वस्त्यांत. गोऱ्यांच्या वस्तीत त्यांना कुणी घर विकत नसे, भाड्यानेही देत नसे. त्यामुळे त्या वस्त्यांतल्या शाळा तुडुंब भरल्या आणि मुलं दोन सत्रांत, म्हणजे अर्धाच दिवस, शिकू लागली. त्याच शहरात गोऱ्या वस्त्यांतल्या शाळांत बाकं रिकामी होती. तिथे आमची मुलं घ्या, अशी पालकांची साधी मागणी होती.

शाळांचे प्रमुख होते बेंजामिन विलिस. १९५३ ते १९६६ अशी तेरा वर्षं ते त्या खुर्चीवर होते. हा माणूस बांधकामाच्या विरोधातला नव्हता हे लक्षात घेतलं पाहिजे. शाळांच्या पुष्कळ नव्या इमारती त्यांनी बांधल्या, लोक त्यांना ‘बिल्डर बेन’ म्हणत. पण काळी मुलं गोऱ्या शाळेत पाठवायची मागणी त्यांनी मानली नाही. त्याऐवजी १९६१-६२ च्या सुमारास उचलून कुठेही नेता येणारे अ‍ॅल्युमिनियमचे वर्ग विकत घेतले आणि गर्दीच्या शाळांच्या आवारात, मोकळ्या जागांवर ते उभे करायला सुरुवात केली. गर्दी कमी करायची तात्पुरती सोय! सोय नेमकी कशाची होती हे बायकांना लगेच कळलं. मुलांनी वस्तीची हद्द ओलांडू नये, याची ती सोय होती.

एन्गलवूड भागातल्या रोझी सिम्पसन या आईने त्या वर्गांना नाव ठेवलं, ‘विलिस वॅगन’. विलिसच्या गाड्या! नाव शहरभर झालं. मला यात मोठं शहाणपण दिसतं. सरकारी कागदावर त्यांचं नाव काहीही असो, लोकांच्या तोंडी त्यांच्याबरोबर ते उभे करणाऱ्याचं नावही आलं. आपण मात्र ‘शेड’ म्हणतो, ‘पत्रा’ म्हणतो. तो कुणाच्या सहीने आला ते आपल्या बोलण्यात कुठेच नसतं.

वुडलॉन भागातल्या बायकांनी त्याआधीच एक काम केलं होतं. शिक्षण मंडळ सांगत होतं की रिकाम्या जागांचं तुम्ही म्हणता तसं काही नाही. तेव्हा १९६२ मध्ये आयांची पथकं निघाली. ‘सत्यशोधन पथकं’ असंच त्यांना म्हणता येईल. त्या गोऱ्या वस्त्यांतल्या शाळांत गेल्या, रिकामे वर्ग आपल्या डोळ्यांनी मोजले, फोटो काढले. बेकायदा प्रवेश केला म्हणून त्यांना अटक झाली. रिकामी खोली मोजणं हा गुन्हा ठरला! शिक्षण मंडळाच्या बैठकीला काळी वस्त्रं पांघरून बसण्याचा कार्यक्रमही त्याच संघटनेचा. आमच्या मुलांच्या शिक्षणाचं सुतक धरून बसलोय, असा त्याचा अर्थ.

१९६३ च्या ऑगस्टमध्ये एन्गलवूडमध्ये रेल्वेरुळांच्या कडेच्या एका जागेवर या गाड्या उभ्या करण्याचं काम निघालं. पालक आणि त्यांच्या साथीला आलेले तरुण यंत्रांपुढे आडवे पडले. पुष्कळांना पोलिसांनी उचलून नेलं. त्यांत शिकागो विद्यापीठाचा एक विद्यार्थी होता, बर्नी सँडर्स. तो पुढे सिनेटर झाला, २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभा राहिला, आणि दोन पोलीस त्याला धरून नेत आहेत तो जुना फोटो जगभर छापून आला. त्या फोटोबद्दल मला आकस नाही. पण ज्या आया महिनोन्‌महिने सभा घेत होत्या, त्यांची नावं शोधायला जुन्या कागदपत्रांत शिरावं लागतं. आपल्या चळवळींचे फोटो चाळले तरी हेच दिसेल.

मग आला २२ ऑक्टोबर १९६३ चा बहिष्कार. शहरातल्या दोन लाखांहून अधिक मुलांनी त्या दिवशी शाळेत पाऊल टाकलं नाही. त्यांना रस्त्यावर सोडलं नव्हतं. चर्चमध्ये, सभागृहांत ‘स्वातंत्र्याच्या शाळा’ भरवल्या होत्या. १९६४ च्या फेब्रुवारीत दुसरा बहिष्कार झाला. यश मिळालं का? सरळ ‘हो’ म्हणता येत नाही. विलिस यांनी १९६३ मध्ये राजीनामा दिला होता, मंडळाने तो स्वीकारला नाही आणि ते परत आले. १९६५ मध्ये भेदभावाच्या तक्रारीवरून केंद्र सरकारने शिकागोच्या शाळांचा निधी रोखला, पण महापौर डेली यांनी थेट अध्यक्ष जॉन्सन यांच्याकडे धाव घेतली आणि तो काही दिवसांतच मोकळा झाला. विलिस अखेर १९६६ मध्ये गेले. आयांच्या हाती लगेच फारसं आलं नाही. पण ‘तात्पुरती सोय’ या शब्दांवर त्या शहरात पुन्हा कुणी डोळे मिटून विश्वास ठेवला नसेल.

या हकिगतीत एक गोष्ट मला फार दिवस टोचत राहिली. विलिस आपल्या धोरणाचं समर्थन कशाने करत? तर शेजारशाळेच्या तत्त्वाने. प्रत्येक मुलाने आपल्या वस्तीतल्या शाळेत जावं! ही तर आपलीच मागणी. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने समान शाळेची आणि शेजारशाळेची शिफारस केली आणि तेव्हापासून पुरोगामी चळवळ तिचा आग्रह धरून आहे. साहेबाचा मुलगा आणि त्याच्या घरी धुणंभांडी करणारीची मुलगी एका बाकावर बसावीत, असं त्यामागचं स्वप्न. पण वस्त्याच जातीने, धर्माने, पैशाने वेगळ्या पाडल्या असतील तर शेजारशाळा त्याच वाटणीवर शिक्का मारते. शिकागोत नेमकं तेच झालं. म्हणून शेजारशाळेची मागणी सोडावी असं मी म्हणत नाही. ती करताना शेजार कुणी आखला, हेही विचारायला हवं. मुंबईत रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी २००० नंतरच्या वर्षांत हजारो कुटुंबं मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या, वाशीनाक्यासारख्या वसाहतींत नेऊन ठेवली. घरं आधी आली, शाळा मागाहून. तो शेजार त्या कुटुंबांनी निवडला नव्हता.

रिकाम्या खोल्यांचा प्रश्नही आपल्याकडे आहे, फक्त त्याचं रूप वेगळं. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात. मराठी माध्यमाचे पट गेली कित्येक वर्षं घसरत आले आहेत. त्याच वेळी गरीब, दाट वस्त्यांतल्या उर्दू-हिंदी माध्यमाच्या वर्गांत मुलं दाटीवाटीने बसतात. एका माध्यमाची खोली दुसऱ्याला द्यायची म्हटली की कुजबुज सुरू होते. मराठी शाळेत ‘त्यांची’ मुलं? आपल्याही बायका असं बोलतात, हे मी ऐकलं आहे. मराठी शाळा टिकल्या पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या टिकवण्याचा आणि रिकाम्या खोलीला कुलूप घालून शेजारच्या मुलींना पत्र्याखाली बसवण्याचा काय संबंध?

“अहो ताई, पत्रा का असेना, शिकवणं तर चालू आहे,” असं म्हणणारे शिक्षक मला भेटतात. त्यातले बरेच मनापासून शिकवणारे असतात, आणि त्या उन्हात तेही उभे असतात. भूकंप झाला, पूर आला, इमारत पडायला आली, तर पत्र्याचे वर्ग लागणारच. १९९३ मध्ये किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा स्लॅबची वाट बघत मुलांना घरी ठेवा असं कुणी म्हटलं नसतं. मला आक्षेप आहे तो तारीख नसलेल्या तात्पुरतेपणाला. आणि कच्चं बांधकाम केवळ गैरसोयीचं असतं असंही नाही. तमिळनाडूत कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी एका शाळेच्या स्वयंपाकघरातली आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. दाटीवाटीचे वर्ग, वर गवताचं छप्पर, पळायला पुरेशी वाट नाही. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये शाळांच्या अग्निसुरक्षेबद्दल देशभरासाठी आदेश दिले. पत्र्याच्या खोल्यांत प्लायवूडच्या भिंती आणि लोंबणाऱ्या वायरी पाहिल्या की मला कुंभकोणम आठवतं. बाहेर पडायला दरवाजे किती आहेत, एवढं तरी प्रत्येकीने आपल्या मुलीच्या वर्गात जाऊन बघावं.

कायदा आपल्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या अनुसूचीत शाळेची इमारत सर्व ऋतूंत टिकणारी हवी असं लिहिलं आहे. दर शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलींना वेगळं स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, अडथळ्याशिवाय आत जाता येईल अशी वाट आणि खेळाचं मैदान, हे सगळं त्यात आहे. म्हणजे मैदानात पत्र्याचे वर्ग टाकले की एका अटीसाठी दुसरी अट मोडली जाते. आधीपासून असलेल्या शाळांना हे पुरं करायला तीन वर्षं दिली होती, ती ३१ मार्च २०१३ ला संपली.

संडासांच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने ‘तात्पुरते’ या शब्दाला तारीखच बांधून दिली होती. ऑक्टोबर २०११ च्या आदेशात राज्यांना सांगितलं होतं की कायमचे संडास लगेच होत नसतील तर ३० नोव्हेंबरपर्यंत निदान तात्पुरते उभारा, आणि कायमचे ३१ डिसेंबरपर्यंत. तात्पुरत्याचं आयुष्य एक महिना! अंमलबजावणी कशी झाली ते आपण रोज पाहतो. तरीही तो आदेश मला महत्त्वाचा वाटतो, कारण तात्पुरत्या सोयीला लेखी मुदत घालता येते हे त्यात दिसतं. अधिकारी ‘तशी पद्धत नाही’ म्हणाले तर त्यांना तो दाखवता येईल.

आपल्या हातात आणखी एक गोष्ट आहे, शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. बऱ्याच ठिकाणी या निम्म्या स्त्रिया सहीपुरत्या. रजिस्टर घरी पाठवतात, बाई सही करते, खालचा मजकूर तिने वाचलेला नसतो. पण याच समितीने शाळेचा विकास आराखडा करायचा असतो आणि त्यावरून पुढे अनुदानाची मागणी होते. शिकागोच्या आयांना वर्गात डोकावल्याबद्दल अटक झाली. आपल्या बायकांना तर समितीच्या सदस्य म्हणून वर्ग बघण्याचं कामच दिलेलं आहे, आणि आपण सही करून मोकळ्या होतो!

आम्ही काय करतो आहोत ते थोडक्यात सांगते. आमच्या प्रभागातल्या सहा शाळांच्या समित्यांतल्या बायकांना एकत्र बसवलं. प्रत्येकीने आपल्या शाळेतल्या खोल्या मोजल्या. किती पक्क्या, किती पत्र्याच्या, किती कुलपात, किती दुसऱ्याच कुणाला वापरायला दिलेल्या. कुलपातल्या खोल्या सर्वांत जास्त निघाल्या त्या शाळेपासून पत्र्याची शाळा चालत दहा मिनिटांवर आहे. मग माहितीच्या अधिकारात तीन प्रश्न विचारले. नव्या इमारतीच्या कामाचा आदेश कोणत्या तारखेचा? काम पुरं करण्याची मुदत कोणती? पत्र्याच्या खोल्यांवर भाडं आणि दुरुस्ती धरून आजवर किती खर्च झाला? दोन प्रश्नांची उत्तरं आली आहेत, मुदतीच्या प्रश्नावर आम्ही अपिलात गेलो आहोत.

समितीच्या पुढच्या बैठकीत आराखड्यात तीन वाक्यं घालून घ्यायचं ठरलं आहे. पत्र्याच्या प्रत्येक खोलीपुढे ती काढण्याची तारीख लिहावी. तोवर पाचवीपासून पुढच्या मुलींचे वर्ग सकाळच्या सत्रात घ्यावेत. आणि शेजारच्या शाळेतल्या चार खोल्या जूनपासून उघडाव्यात, मग माध्यम कोणतंही असो. तिसऱ्या वाक्यावर समितीतच वाद होणार आहे, दोघी आत्तापासून रुसल्या आहेत. मोजणीचा तक्ता एका पानाचा आहे आणि तो भरायला अर्धा दिवस पुरतो. ज्या गटांना हवा असेल त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर कळवावं, आम्ही प्रती पाठवू. उन्हाळ्याच्या सुट्टीत खोल्यांना कुलपं लागतात, तेव्हा मोजणी त्याआधीच उरकलेली बरी.